लागू नसेल ते खोडावे

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी हे गृहस्थ हमखास भेटतात. खांद्याला शबनम, खिशात भिंग. पदक हाती आलं की त्यावरच्या राजाकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. पदक उभं धरून कड वाचतात. पहिल्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर सैनिकाचा नंबर, नाव आणि पलटण उमटवलेली असते. तिथे ‘मराठा’ दिसलं, की १९१५-१६ मध्ये आजच्या इराकमधल्या कुटला मराठा पलटणींभोवती पडलेला वेढा सुरू. मूळ वेढा जवळपास पाच महिने चालला; ऐकणाऱ्याला तेवढाच वाटतो.

लढणाऱ्याला हे पदक चांदीचं, पण छावणीतल्या बिगर-लढाऊ नोकरांना ब्राँझचं. ब्राँझचं आज कमी सापडतं, म्हणून भाव चढा. “नोकराला न्याय मिळायला शंभर वर्षं लागली!” असं गृहस्थ गहिवरून म्हणतात आणि लगेच घासाघीस करायला बसतात.

त्यांचा खरा जीव मात्र लष्करी पोस्टकार्डात. ब्रिटिश फौजेच्या छापील कार्डावर वाक्यं तयार असत: मी बरा आहे, इस्पितळात आहे, तुमचं पत्र मिळालं. लागू नसेल ते खोडायचं, तारीख घालायची, सही करायची. आणखी एक शब्द लिहिला तर कार्ड नष्ट! गृहस्थांनी घरासाठी मराठी आवृत्ती छापून घेतलीय आणि बाजारातून तिचा फोटो काकूंना पाठवतात: ‘मी बरा आहे. जेवायला येतो. उशीर होईल. काही घेतलेलं नाही.’ शेवटचं वाक्य दर वेळी खोडलेलं असतं.

फसतातही. तोफगोळ्याच्या पितळी नळकांड्याची नक्षीदार फुलदाणी त्यांनी ‘खंदकात घडवलेली’ म्हणून आणली. अशा कितीतरी फुलदाण्या युद्ध संपल्यावर रणभूमी पाहायला येणाऱ्या पर्यटकांसाठी बनल्या, हे पुढे कळलं. तेव्हापासून तिच्यात छत्र्या असतात.

१९१४ च्या नाताळात राजकन्या मेरीच्या नावाने सैनिकांना वाटलेली पितळी डबी मात्र अस्सल आहे. काकूंनी तिच्यात लवंगा भरल्या, तेव्हा घरात महायुद्ध पेटलं. मग गृहस्थांनीच संदर्भ काढला: त्या भेटीत बऱ्याच भारतीय सैनिकांना खडीसाखर आणि मसाल्याचा डबाही होता.

लवंगा अजून तिथेच आहेत.