पळसदेवचा फ्रेंच स्टार्टर

कॉलेजात असताना पुण्यात मी फ्रेंचची एक परीक्षा पास झालो होतो. ही गोष्ट मी आजवर लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या रांगेत आणि एकदा तर दशक्रियेच्या घाटावरसुद्धा सांगितली आहे. बारामती-इंदापूर पट्ट्यात माझं फ्रेंच तपासणारं कुणी नाही, ही त्यातली मोठी सोय होती.

ती सोय भाच्याने घालवली. त्याचं बारामती एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. तो कंट्रोल पॅनेल बनवतो, ती एका कंपनीच्या यंत्रांवर बसतात आणि यंत्रं परदेशी जातात. यंदाची खेप कॅनडाला, तीही क्यूबेक प्रांतात चालली होती. "मामा, धोक्याची लेबलं फ्रेंचमध्येपण लागतात. मजकूर कंपनीने दिलाय, फक्त छपाई तपासायची. तुम्हाला येतं ना?" ताटात बहिणीने नुकतीच पुरणपोळी वाढलेली, वर तूप. अशा वेळी नाही म्हणणारा मामा अजून जन्माला यायचाय.

क्यूबेकचा १९७७चा भाषेचा कायदा मोठा मानी आहे. मालावरचा मजकूर फ्रेंचमध्ये हवाच. शेजारी इंग्रजी चालेल, पण ते फ्रेंचपेक्षा वरचढ दिसता कामा नये. आपल्याकडे २०२२ साली दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत असं ठरलं, तेव्हा केवढी चर्चा झाली! तिकडे तो हिशेब विजेच्या पेटीपर्यंत पोचून मुरलाय. युरोपात तर अधिकृत भाषाच २४. जिथे माल विकायचा तिथल्या माणसाला कळेल अशा भाषेत सूचना द्या, म्हणतात. म्हणून शहाणे कारखानदार शब्द कमी करतात आणि पिवळ्या त्रिकोणात काळी वीज काढतात. भाचाही म्हणत होता, त्रिकोण मोठा घेऊ, मजकूर आटपू. मी कडाडून विरोध केला. त्रिकोण तपासायला माझी काय गरज? शिवाय एकच रामायण १०८ तऱ्हांनी रचणाऱ्या मोरोपंतांच्या बारामतीत एक धोका दोन भाषांत सांगायला का कुरकुरायचं?

नमुना काढायला मी भिगवण रोडवरच्या ओळखीच्या फ्लेक्सवाल्याकडे गेलो. पोरगा हुशार. वाढदिवस, निवड, पुण्यस्मरण, काहीही दहा मिनिटांत उभं करतो. त्याने पहिला प्रश्न टाकला, "काका, फोटो कुणाचा?" मी म्हटलं, फोटो नाही, धोका आहे. "मग कवटी टाकतो." आणि त्याने गालातल्या गालात हसणारी एक कवटी आणली. ती काढायला लावली. मागचा उगवता सूर्यही काढायला लावला. तरी पहिला नमुना पाहून मी हबकलो. इंग्रजी मजकूर मधोमध, लालभडक, सोनेरी कडेचा. आणि फ्रेंच तळाला, जिथे शुभेच्छुकांची नावं असतात तिथे, तेवढ्याच बारीक अक्षरांत. क्यूबेकच्या कायद्याचा याहून पद्धतशीर भंग पॅरिसमध्ये बसूनही कुणाला जमला नसता.

दुसऱ्या नमुन्यात दोन्ही भाषा शेजारी-शेजारी, सारख्या आल्या. पण फ्रेंच ई-वरची तिरकी रेघ गायब! "काका, अक्षरावर कचरा दिसत होता, साफ केला." मग मी खुर्ची ओढून त्याला ती रेघ म्हणजे काय, उच्चार कसा बदलतो, फ्रेंच माणूस त्याबद्दल किती हळवा असतो, असं सगळं समजावलं. एवढा श्रोता मला कॉलेजनंतर पहिल्यांदाच मिळाला होता. तो मान हलवत राहिला आणि मी चहा प्यायला बाहेर गेल्यावर त्याने प्रत्येक ई-वर कचरा परत टाकला. प्रत्येक म्हणजे इंग्रजीतल्यासुद्धा. मी वरवर पाहिलं आणि सही ठोकली.

कंपनीने गठ्ठा परत पाठवला आणि लेबलं स्वतःच छापून घेतली. भाचा काही बोलला नाही. बहिणीने मात्र पुढच्या सणाला तूप वाढताना हात आखडला.

गठ्ठा माझ्याकडे राहिला. स्टिकर मजबूत, पाण्याने न निघणारे. वाया का घालवा म्हणून एक मी पळसदेवला, उजनीच्या फुगवट्याकाठच्या आमच्या मोटरीच्या स्टार्टरवर चिकटवला. दोन दिवसांत वस्तीवर बातमी पसरली की मास्तरांनी बाहेरचा स्टार्टर बसवलाय. "कुठल्या योजनेत बसला? सबसिडी किती?" मी नाही म्हणालो नाही, हो म्हणालो नाही, नुसता हसलो. खरं तर २५० व्होल्टच्या वरच्या मोटरीवर आणि तिच्या स्टार्टरवर कवटीचं चित्र आणि हिंदी किंवा इंग्रजीबरोबर जिल्ह्याच्या भाषेत सूचना हवी, हे १९५६च्या विद्युत नियमांत होतं आणि २०१०च्या नियमांतही. म्हणजे पुणे जिल्ह्यात मराठी. माझी पेटी क्यूबेकचा कायदा जवळपास पाळत होती आणि इथला मोडत होती.

उन्हाळ्यात फुगवट्याचं पाणी मागे सरतं, तशी मोटर, पाइप आणि केबल पाण्यामागे न्यावी लागते. त्या ओढाओढीत अर्थिंगची वायर तुटली होती, हे मला ठाऊक नव्हतं. पाचसहा जण जमले होते. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, वाचून तर दाखवा." मी चपला बाजूला काढून ओल्या मातीत ऐटीत उभा राहिलो, ओळीखाली बोट ठेवलं आणि खास घशातून सुरुवात केली, "रिस्क द शॉक..."

पुढचा शब्द घशातच राहिला. हात खांद्यापर्यंत झणकला आणि मी मागच्या मागे चारीत बसलो. पडताना काहीतरी ओरडलो. ते अस्सल इंदापुरी होतं.

"आँ, हे तर कळलं की," म्हातारे आप्पा म्हणाले. "शॉक म्हणला आणि बसलाच."

वायरमनला बोलावलं. त्याने फ्यूज काढले, टेस्टर लावला, तुटकी वायर जोडली आणि पेटी सगळीकडून तपासली. मग स्टिकरसमोर उकिडवा बसला. "काय लिहिलंय म्हणायचं हे?"

"हात लावू नका, विजेचा धक्का बसेल."

"तुम्हाला वाचता येत होतं ना?"

मी पायाचा चिखल पुसत होतो.

"असली अजून आहेत का?" तो म्हणाला. "डीपीला लावतो. फ्यूज गेला की जो तो स्वतःच तार घालतो. मराठी पाटीला कोण भीत नाय."