नऊ ग्रॅमचं अंडं

गेल्या मंगळवारी काळीने नऊ ग्रॅमचं अंडं घातलं. नऊ हा अंदाज नाही. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा मी खास अंड्यांसाठी आणलाय आणि शेजारी नोंदवही ठेवलीय. रकाने चार: तारीख, कोंबडी, वजन, शेरा. तेहतीस वर्षं सरकारी टेबलावर काढलेल्या माणसाला शेऱ्याच्या रकान्याशिवाय अंडं पचत नाही.

आता अडचण अशी, की आदल्या रविवारीच मी शाळेच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर बढाई मारली होती. टोपलीचा फोटो, खाली मजकूर: ‘घरची गावठी. बाजारातली खाणाऱ्यांनी क्षमा करावी.’ एकाने लगेच दोन डझनांची मागणी नोंदवली. मीही ‘बघू, यादीत नाव टाकतो’ असं कळवलं. पाच कोंबड्यांवर माझी प्रतीक्षायादी! आणि मंगळवारी सकाळी खुराड्यातल्या भुश्शात हे. सुपारीपेक्षा थोडं मोठं, पण घाट अगदी खऱ्या अंड्याचा. जणू अंड्याने आपला पासपोर्ट फोटो काढून दिलाय.

फोटो मीच टाकला, ही चूक. ‘चिमणी पाळलीस का?’ ‘दिवसातून किती वेळा घ्यायचं, जेवणाआधी की नंतर?’ दोन डझनवाल्याने विचारलं, ‘माझी दोन डझन पाकिटातून पाठवतोस का?’

मी तडक पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी खायला काय घालता ते विचारलं. मी छाती फुगवून सांगितलं, ‘घरचंच. शिळा भात, पोळीचे तुकडे. सगळं नैसर्गिक.’ ते म्हणाले, ‘काका, अंड्यावर आलेल्या कोंबडीला सोळा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. तांदळात फार तर सात-आठ टक्के. तुम्ही नैसर्गिक उपास घडवताय.’ मग सगळीच अंडी बारीक होण्याची कारणं त्यांनी भराभर सांगितली. तलंग नुकती अंड्यावर आली की पहिली अंडी लहानच येतात, कारण तिचा बलकच लहान असतो. वैशाखात कोंबडी चोच वासून धापा टाकते, खाणं सोडते, अंडं घटतं. एखादा आजारही असू शकतो. ‘पण तुमची एकच कोंबडी, एकच अंडं, तेही एवढंसं? त्याला काही अर्थ नाही. होतं कधीकधी.’

काही अर्थ नाही! शेऱ्याच्या रकान्यात मी हे लिहू?

अर्थ नसला तरी रीत आहे, आणि ती ऐकून मी जरा चपापलो. एरवी अंडाशयातून बलक सुटतो आणि अंडनलिकेत उतरतो. तिथे तीनेक तास पांढरा भाग चढतो, पुढे तासाभराहून थोडं अधिक आतली पापुद्र्याची आवरणं, आणि शेवटच्या टेबलावर वीसेक तास कवच. कधी बलकाऐवजी आतल्या अस्तराचा एखादा कण, रक्ताची बारीक गाठ असलं काहीतरी सुटून नळीत येतं. नळी काही आत डोकावत नाही. आलंय ना? मग चढवा पांढरं. गुंडाळा. कवच घाला. पुढे पाठवा. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी सुरुवात करून, विषयच नसलेली किती पत्रं मी अशी जावक क्रमांक टाकून रवाना केली, त्याची आठवण काळीने करून द्यायला नको होती.

इथे बासलच्या कोंबड्याबद्दल सांगायलाच हवं. बायकोने हे आठवड्यात सहा वेळा ऐकलंय, सातव्या वेळी ती गच्चीवर निघून गेली. तर सन १४७४, स्वित्झर्लंडमधलं बासल शहर. एका कोंबड्यावर खटला भरला गेला. आरोप: अंडं घातलं. असलं बिनबलकाचं छोटं अंडं कोंबडी घालणारच नाही, ते कोंबड्याचंच, असा तिकडे समज होता. इंग्रजीत त्याला आजही कोंबड्याचं अंडं म्हणतात. आणि ते बेडकाने किंवा सापाने उबवलं, तर कोंबड्याच्या डोक्याचा, सापाच्या शेपटीचा राक्षस निघतो, त्याची नुसती नजर पडली तरी माणूस मरतो, अशी भीती. कोर्टाने आरोपीला दोषी ठरवलं आणि अंड्यासकट जाहीरपणे जाळलं.

मला छळतात ते वेगळेच प्रश्न. आरोपीचा जबाब कोणी नोंदवला? पंचनाम्यावर पंच कोण? अंडं मुद्देमाल म्हणून जमा केलं असेल, तर त्याचं वजन का लिहिलं नाही? मुद्देमालच जाळून टाकला, मग अपिलात दाखवणार काय? आमच्या खात्यात त्या कोंबड्याची फाइल निदान अकरा वर्षं हलली नसती आणि तो म्हातारा होऊन सुखाने मेला असता. आणि तो कोंबडा तरी होता का? कोंबडीचं डावं अंडाशयच तेवढं काम करतं. ते आजाराने वा वयाने निकामी झालं, तर कधीकधी तिला मोठा तुरा येतो, झुपकेदार शेपूट येते, ती आरवायलाही लागते. तेव्हा बासलला जाळली ती बहुधा एक थकलेली म्हातारी कोंबडी असावी. हे कळल्यापासून मला त्या खटल्याचं हसू पूर्वीसारखं येत नाही.

आमच्या घरी कोंबड्या आईच्या होत्या. अंडी आमच्यासाठी नव्हती, बाजारासाठी होती. शुक्रवारी ती भुश्शाच्या टोपलीत अंडी रचायची आणि तेवढे पैसे तिचे स्वतःचे असायचे. मीठ, चहापूड, अक्काच्या वह्या त्यातून यायच्या. अंड्यांचा व्यापारी प्रत्येक अंडं मुठीत धरून बघायचा आणि बारकं असलं की परत टोपलीत टाकायचा. ते परत आलेलं अंडं आमचं. त्यामुळे मी आणि अक्का, दोघं, कोंबड्यांनी बारकी अंडी घालावीत म्हणून देवाला विनवत असू. आई नेमकं उलटं विनवत असणार. देवाने कुणाचं ऐकावं? आईने त्यातलं एक तरी खाल्लेलं मला आठवत नाही, आणि तेव्हा ते लक्षातही आलं नाही. हा शेरा मी वेळेवर मारायला हवा होता.

आई आता चौऱ्याऐंशीची आहे. दिवस-वार विसरते, मला कधी मामाच्या नावाने हाक मारते. संध्याकाळी ते अंडं मी तिच्या हातावर ठेवलं. तिने मूठ मिटली, उघडली, उजेडाकडे धरून पाहिलं.

‘ह्ये बाजारात कोण घ्यायचं न्हाई,’ ती म्हणाली. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. ‘घे, खा. अक्काला सांगू नगंस.’

मी एकसष्ट वर्षांचा. अक्का पुण्यात असते, तिला साखरेचा त्रास आहे. मी अंडं उकडलं. आत सगळं पांढरंफेक होतं, मधोमध तांबूस ठिपका. ओट्याशी उभा राहून मिठाबरोबर एका घासात खाल्लं. ग्रुपवर टाकलं नाही, आणि अक्कालाही अजून सांगितलेलं नाही.