काकांची बचत

महागाई संपली, अशी बातमी नोव्हेंबरात आली. ऑक्टोबर २०२५ चा किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के, आणि भाज्या तर वर्षभरात २७.५७ टक्क्यांनी उतरलेल्या. वाचून बरं वाटलं. मग आठवलं, की आदल्या ऑक्टोबरात याच भाज्या ४२.१८ टक्क्यांनी चढल्या होत्या. शंभराचे झाले एकशे बेचाळीस, त्यातून साडेसत्तावीस टक्के गेले, उरले एकशे तीन. म्हणजे दोन वर्षं एवढी उलथापालथ करून भाजी होती तिथेच आली, वर तीन रुपये बक्षिसी घेऊन. याला आता स्वस्ताई म्हणायचं.

या दोन वर्षांत भोपाळच्या आमच्या मिसरोदमध्ये एक पीक मात्र जोरात आलं. बचतीचे सल्लागार.

आमच्या कॉलनीतल्या सल्लागारांना आपण नुसतं काका म्हणू. १९५६ साली भोपाळ राजधानी झालं, तेव्हा नागपूरहून फायलींबरोबर जी मराठी कारकून मंडळी इकडे आली, त्यांतल्या एकाचे हे चिरंजीव. स्वतःही सरकारी खात्यातून निवृत्त. नोकरी गेली, नस्ती उघडायची सवय राहिली. घरातल्या किराण्याची नस्ती आहे, भाजीची वेगळी, दुधाची वेगळी. काकूंची नस्ती अजून उघडलेली नाही, पण त्याकडे येऊ.

काकांचा पहिला सिद्धांत: माल उगमाशी घ्यावा. आता भोपाळच्या भाजीचा उगम म्हणजे करोंदची मंडी. मिसरोद शहराच्या दक्षिण टोकाला, नर्मदापुरम रस्त्यावर. करोंद पार उत्तरेला. मध्ये अख्खं भोपाळ. काका स्कूटरने जातात, पहाटे, थंडीत, कानाला मफलर गुंडाळून. मंडीत पावशेर कोणी देत नाही. तिथे कट्टा घ्यावा लागतो. काका मटारचा कट्टा घेऊन परततात आणि फाटकातूनच जाहीर करतात, की आपल्या ठेल्यावाल्यापेक्षा किलोमागे दहा-बारा रुपये वाचले. पेट्रोल? ते वाहनाच्या नस्तीत जातं. भाजीच्या नस्तीत त्याचं काम नाही.

मटार जबलपूरकडचा, गोड, त्याबद्दल तक्रार नाही. पण मटार शेंगेत असतो. शेंगेतून तो आपणहून बाहेर येत नाही. काका आंघोळ करून पेपर घेऊन बसतात आणि काकू परात घेऊन बसतात. संध्याकाळी सालींचा ढीग दाण्यांच्या ढिगापेक्षा मोठा दिसतो. मग दाणे उकळत्या पाण्यातून काढायचे, गार पाण्यात टाकायचे, पंच्यावर सुकवायचे, पिशव्या भरायच्या, फ्रीजरमध्ये कोंबायच्या, आणि त्यासाठी फ्रीजरमधलं आधीचं सगळं बाहेर काढायचं. रात्री काका फोनवर मुलाला सांगतात, ‘वर्षभराचा मटार करून टाकला.’ कर्ता कोण, ते मराठी व्याकरणाला कळतं, काकूंनाही कळतं.

केंद्र सरकारने २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली, लोकांचा दिवस कशात जातो याची. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. पुरुषांची ८८. आणि ही ८८ सुद्धा फक्त अशा पुरुषांची सरासरी आहे, ज्यांनी त्या दिवशी काहीतरी घरकाम केलं. पेपर वाचणारे त्यात धरलेले नाहीत. या २८९ मिनिटांत मटार किती, ते पाहणीत दिलेलं नाही. पण ‘किराण्यात बचत करा’ असं जो कोणी म्हणतो, तो त्यात आणखी थोडी मिनिटं घालायला सांगत असतो, एवढं नक्की. पैसे वाचतात ते खरंच वाचतात. फक्त ते कोणाच्या तरी मनगटातून निघालेले असतात, आणि नस्तीत ‘काटकसर’ या नावाने जमा होतात.

गव्हाचं घ्या. शेजारच्या सीहोर जिल्ह्याचा शरबती. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पुण्याचे नातेवाईक फोनवर आधी गव्हाची चौकशी करतात, मग तब्येतीची. वर्षाचा गहू चैत्र-वैशाखात भरून ठेवायचा, ही रीत आपल्याकडे जुनीच. पण आता तिला कराचंही बळ आहे. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या गहू-तांदूळ-पिठावर पाच टक्के जीएसटी आहे. अट एकच, पाकीट पंचवीस किलोपर्यंतचं हवं. त्याच्या वरच्या पाकिटाला कर नाही. ज्याच्याकडे एकदम मोठं पोतं घ्यायला पैसे आहेत आणि ठेवायला खोली आहे, त्याला करमाफी. जो आठवड्याच्या मजुरीतून पाच किलोची पिशवी घेतो, त्याने देशाला हातभार लावायचा. नियम निघाल्यावर महिन्याभरात सव्वीस किलोच्या पिशव्या बाजारात दिसायला लागल्या. एक किलो वाढवून कर चुकवण्याचा एवढा सरळ मार्ग याआधी सामान्य माणसाला मिळाला नव्हता. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटीची मोठी साफसफाई झाली, पनीर सुटलं, पोळीसुद्धा सुटली. पाकिटातलं पीठ मात्र जिथल्या तिथे, पाच टक्क्यांवर. म्हणजे तयार पोळीला कर नाही, पोळी करणारीच्या पिठाला आहे.

काकांना हे सगळं तोंडपाठ. त्यामुळे त्यांच्याकडे गव्हाची पोती येतात. आल्यावर गच्चीवर ऊन देणं, चाळणं, निवडणं, एरंडेल चोळणं, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरणं हे काकूंकडे. पावसाळ्यात किडा झाला तर पुन्हा गच्ची. काका कर वाचवतात. कणा काकूंचा वाकतो.

सरकारनेही मध्ये स्वस्ताईत हात घालून पाहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘भारत आटा’ आला, साडेसत्तावीस रुपये किलो. वर्षाने त्याचा दुसरा टप्पा निघाला, तेव्हा तो तीस रुपये किलो. स्वस्ताईलासुद्धा बारा महिन्यांत महागाई लागली.

तेलाची गोष्ट याहून मजेची. १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्राने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरची आयात शुल्काची पट्टी शून्यावरून वीस टक्क्यांवर नेली. अधिभार धरून साडेपाचचे साडेसत्तावीस टक्के झाले. का, तर सोयाबीनच्या शेतकऱ्याला भाव मिळावा. हेतू चांगला. सोयाबीन म्हणजे आमच्या मध्य प्रदेशचं आणि तुमच्या महाराष्ट्राचं पीक. मिसरोदच्या पुढे मंडीदीप मागे टाकलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पावसाळ्यात तेच दिसायचं. हमीभाव होता ४८९२ रुपये क्विंटल. तेल स्वयंपाकघरात लगेच महाग झालं, शेतकऱ्याचं सोयाबीन मात्र मंडीत हमीभावाखालीच विकलं जात राहिलं. दोन्ही टोकांना मार, मधल्यांचं ठीक. मे २०२५ अखेर ते शुल्क निम्मं केलं. पण त्याआधी, फेब्रुवारीत, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये लठ्ठपणावर उपाय सांगितला होता: घरात तेल दहा टक्के कमी वापरा. काकांनी हा सल्ला त्याच दिवशी अमलात आणला. आता त्यांच्याकडे महागाई नाही, पथ्य आहे.

पथ्य-पाण्याच्या बाबतीत काका तसेही मंडीच्या भावाबरोबर चालतात. लसणीचंच बघा. देशात सगळ्यात जास्त लसूण मध्य प्रदेशात होते, मंदसौर-नीमचकडे. २०२२ मध्ये भाव इतका पडला, की मंडीपर्यंतचं भाडंही सुटेना आणि शेतकऱ्यांनी पोती नदी-नाल्यात ओतली. त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले, हळहळले, पुढे पाठवले. मग शेतकऱ्यांनी लागवड कमी केली. तेवढ्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तीच लसूण किरकोळीत चारशे रुपये किलोला गेली. काकांनी जाहीर केलं, की लसूण तामसी असते. घरात कांदा-लसणीशिवायचा आठवडा सुरू झाला, मग पंधरवडा, मग महिना. भर माघात चातुर्मास पाळणारा मी पाहिलेला हा एकमेव माणूस. नवं पीक मंडीत आलं, भाव उतरला आणि काकांचा सत्त्वगुणही.

यात एक बारीक गोष्ट राहून जाते. लसूण बंद झाली की आमटीला चव आणायचं काम वाढतं. हिंग वाढवा, जिरं वाढवा, कढीपत्ता हाटातून आठवणीने आणा, आणि तरी जेवणाऱ्याने म्हणायचंच, ‘आज काहीतरी कमी वाटतंय.’ कमी काय ते त्यांनीच केलेलं असतं.

हाटाची बचत वेगळी. बिट्टन मार्केटचा हाट असो की कॉलनीबाहेर भरणारा, संध्याकाळी उशिरा गेलं की भाव पडतात, हे खरं. उरलेल्या गिलक्या, बरबटी, मऊ पडायला लागलेले टोमॅटो ढिगाने मिळतात. पण उशिरा जायचं म्हणजे रात्रीचा स्वयंपाक आधी आटपून जायचं, आणि आणलेले टोमॅटो त्याच रात्री शिजवून ठेवायचे, नाहीतर सकाळी फेकायचे. ठेलेवाला ‘आंटी, मंडी में ही महँगा आ रहा है’ म्हणतो तेव्हा मी हल्ली वाद घालत नाही. तोही करोंदला पहाटेच गेलेला असतो. फरक इतकाच, की त्याच्या फेरीचं पेट्रोल त्याच्या हिशेबात असतं.

एक सल्ला मात्र मी स्वतः देईन, कारण त्याला ना परात लागते ना गच्ची. पाकिटावर एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात आणखी एक आकडा असतो, ग्रॅममागचा किंवा मिलिलिटरमागचा भाव. २०२४ पासून तो छापणं सक्तीचं आहे. किंमत तीच ठेवून वजन कमी करण्याची जी कला बिस्किटांनी, साबणांनी आणि फरसाणाने अवगत केली आहे, ती तिथे उघडी पडते. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त नसतं, ‘फॅमिली पॅक’ तर बऱ्याचदा फॅमिलीच्या भावनेवर चालतो. आकडा इतका बारीक असतो, की सक्ती छापण्याची आहे, दिसण्याची नाही, हे लगेच कळतं. तरी चष्मा लावून वाचावा.

राहिले दहा मिनिटांत घरपोच देणारे. त्यांचं गणित सोपं. कोथिंबीर मागवली तर कोथिंबिरीपेक्षा पोचवण्याचा खर्च जास्त. तो टाळायला अमुक रुपयांची खरेदी करा. म्हणून मग चिप्स, चॉकलेट, एक लादी पुसायचा द्रव. पोचवणावळ वाचली. काकांच्या सुनेने हे एकदा करून दाखवलं, तर काकांनी तिला अर्धा तास उधळपट्टीवर ऐकवलं, चिप्स खात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या राज्यात लाडली बहना योजनेचे पैसे १२५० वरून १५०० झाले. महाराष्ट्रातल्या लाडक्या बहिणीच्या बरोबरीने आलो. काकूंना ते मिळत नाहीत, घरात सरकारी पेन्शन आहे. पण आकडा त्यांना आवडला. गेल्या रविवारी काका करोंदहून कट्टा घेऊन आले, तर भाजीच्या नस्तीत ‘मटार’ या शब्दापुढे काकूंच्या अक्षरात एक ओळ वाढलेली होती: ‘सोलणावळ, पाच तास.’ रकमेचा रकाना कोरा. काका म्हणाले, ‘अगं, हे काय?’ काकू म्हणाल्या, ‘अहो, मजुरीचा दर तुम्हीच भरा. तुम्हाला बाजारभाव माहीत असतात.’

काकांनी पेन काढलं. कोपऱ्यात बेरीज-वजाबाकी केली, पेट्रोलही पहिल्यांदाच त्यात धरलं, आणि काही न लिहिता नस्ती मिटली. काल त्यांच्या फाटकाशी एक मुलगा स्कूटरवरून सोललेल्या मटारची पाकिटं देऊन गेला. पाकीटबंद, लेबल लावलेली. सोबत लादी पुसायचा द्रव.