ना कोट, ना कोर्ट

मी वकील आहे की नाही, याबद्दल आमच्या घरात एक मत आहे, सोसायटीत दुसरं, ऑफिसात तिसरं आणि सर्वोच्च न्यायालयात चौथं. यांतलं शेवटचं साऱ्या देशावर बंधनकारक आहे, पण आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी ते मानत नाहीत. लिफ्टवाल्याला नोटीस धाडायची झाली की ते रात्री जेवणं आटोपल्यावर बेल वाजवतात. "वहिनी, तुम्ही वकीलच ना? दोन ओळी खरडून द्या फक्त."

त्याचं असं झालं. लॉ झाल्यावर मी शिवाजीनगर कोर्टात एका सिनिअरांकडे ज्युनिअरशिप केली. म्हणजे तारखा घेतल्या, झेरॉक्स काढल्या, आणि सरांच्या मागे फायली छातीशी धरून धावले. महिनाअखेरीस सर देतील ते घ्यायचं, आणि सर बहुधा आशीर्वाद देत. अशात चाकणच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. पगार होता, पीएफ होता, मेडिक्लेम होता, आणि न्यायला-आणायला बस होती. बस म्हटल्यावर मी न्यायदेवतेची क्षमा मागितली आणि होकार कळवला.

पण बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 49 आडवा आला. वकिलाने कुणाची पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर तसं बार कौन्सिलला कळवायचं, आणि नोकरी आहे तोवर वकिली थांबवायची. थोडक्यात, कंपनीने मला ज्या कारणासाठी घेतलं, ते कारण हजर होण्याआधी बार कौन्सिलकडे जमा करायचं होतं. घरी सांगितलं, "सनद सस्पेंड करतेय." बाबांचं आयुष्य सरकारी नोकरीत गेलेलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि विचारलं, "चौकशी कोण करतंय?" आईचं दुःख निराळं होतं. तिने काळा कोट ड्रायक्लीन करून आणला होता.

कंपनीतही मी कोण, हे कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. कंपनी सेक्रेटरीचं तसं नसतं. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक भांडवलाच्या वरच्या कंपन्यांना तो ठेवावाच लागतो, त्यामुळे त्याला केबिन असते आणि चेहऱ्यावर एक वैधानिक शांतता असते. वकील ठेवलाच पाहिजे असं मात्र त्या कायद्यात कुठेही नाही. मला पहिलं टेबल मिळालं ते अकाउंट्स आणि पॅन्ट्रीच्या मध्ये. त्याचा एक फायदा झाला. कंपनीत कुणाची कुणाशी वसुलीवरून जुंपली आहे हे एका कानाला कळे, आणि ती का जुंपली आहे हे दुसऱ्या.

कामाचं म्हणाल, तर आमच्याकडे करार येतो तो बहुतेक वेळा शुक्रवारी संध्याकाळी, बस सुटायच्या बेतात. तो आणणारे सेल्सचे साहेब नेहमी उभ्या उभ्या बोलतात.

"मॅडम, स्टँडर्डच आहे. नुसती नजर टाका."

"पार्टी सही कधी करणार?"

"सह्या झाल्यात हो! म्हणून तर म्हणतोय, नुसती नजर टाका."

स्टँडर्ड करार म्हणजे कुणीतरी, कधीतरी, भलत्याच धंद्यासाठी लिहिलेला करार. त्यातली नावं बदलायची असतात, आणि ती सगळी बदललेली नसतात. आमच्या नट-बोल्टच्या एका करारात 'पाहुण्यांनी चेक-आउट करतेवेळी' असं कलम निघालं होतं. तरी नावं दिसतात तरी. खरी गंमत मागच्या पानांवर, लवादाच्या कलमात असते. ते कुणीच वाचत नाही, कारण तिथवर पोचेपर्यंत दोन्ही पक्ष एकमेकांच्या प्रेमात पडलेले असतात. राजकोटच्या एका सप्लायरशी आमचा करार होता. माल राजकोटचा, कारखाना चाकणचा, आणि वाद झालाच तर लवाद सिंगापूरला! कुठल्याशा परदेशी गिऱ्हाइकाच्या करारातून ते पान जसंच्या तसं उतरलं होतं. मी सप्लायरला फोन लावला. शेटजी खूश झाले. म्हणाले, "सिंगापूर? चालेल की. मुलांनाही सुट्टी असते मे महिन्यात."

हसू नका. दोन भारतीय कंपन्यांचा असाच एक वाद 2021 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. करारात लवादाची जागा होती झुरिच, आणि सुनावण्या सोयीसाठी झाल्या मुंबईत. दोन भारतीय पक्षांना परदेशातली जागा ठरवता येते का, हा प्रश्न होता. न्यायालयाने सांगितलं, येते. झालं, माझ्या हातातलं 'हे कायद्यात बसत नाही' हे हत्यार गेलं. मी साहेबांना एवढंच विचारलं, की विमानाची तिकिटं कुणाच्या बजेटमधून काढायची? दहाव्या मिनिटाला सिंगापूरचं पुणे झालं. कंपनीत कायद्याला कुणी भीत नाही, बजेटला भितात. हे ज्याला लवकर उमगलं त्याचं इथलं करिअर झालं म्हणून समजा. कॉलेजात मात्र हे कुणी शिकवत नाही. तिथे कलमं शिकवतात.

आता एचआर. एचआरला बंदी घालायला फार आवडतं. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जाणार नाही, असं ते प्रत्येकाकडून लिहून घेतात. मी दरवर्षी सांगते, की 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 प्रमाणे हे निरर्थक आहे, कोर्टात टिकणार नाही. एचआरच्या मॅडम दरवर्षी म्हणतात, "टिकू दे नाहीतर न टिकू दे, माणसाला भीती बसते ना!" यंदा तर त्या एक बातमी घेऊनच आल्या. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बॉण्ड योग्य ठरवला होता. मी समजावलं, की तो ठरलेली तीन वर्षं पुरी व्हायच्या आत नोकरी सोडण्याबद्दल होता. नोकरी सुटल्यानंतर माणसाने कुठे जावं, यावर तो नव्हता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बॉण्डही ठेवला, बंदीही ठेवली. शिवाय खाली माझं नाव घातलं: 'लीगलने तपासले.'

अकाउंट्सचा छंद मागच्या तारखेचा. "मॅडम, करार जुलैत होतोय, पण तारीख एक एप्रिल टाकू. ऑडिटला बरं पडतं." मी स्टॅम्पपेपर उलटा करून दाखवते. मागे विक्रेत्याचा शिक्का असतो आणि त्यावर विक्रीची तारीख, ठसठशीत जुलैची. म्हणजे करार आधी झाला आणि कागद नंतर जन्माला आला! यावर एकदा उत्तर मिळालं, "मग शिक्क्यावर सही घ्या ना मोठी, झाकून जाईल." राज्य सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये शंभर-दोनशेचा मुद्रांक पाचशेवर नेल्यापासून आमचे अकाउंटंट आणखीच दुखावलेले असतात. कागद वाया गेला की ते माझ्याकडे असं बघतात, जणू वाढलेले चारशे माझ्या माहेरी जातात.

या नोकरीतलं एक सुख मात्र कबूल केलं पाहिजे. मोठं काम निघालं की आम्ही बाहेरची लॉ फर्म नेमतो, म्हणजे मी नेमते. कॉलेजात ज्यांनी मला नोट्स दिल्या नाहीत, ते आता फर्मचे पार्टनर आहेत आणि दिवाळीला सुकामेवा पाठवतात. त्यांचं ओपिनियन मात्र सुकामेव्यापेक्षा जपून चावावं लागतं. वीस पानं एका बाजूने, मग 'तथापि', मग वीस पानं दुसऱ्या बाजूने, आणि तासांचं बिल. एमडी ते हातात तोलून बघतात आणि विचारतात, "करायचं की नाही?" त्या चाळीस पानांचं 'करा, पण दुसरा हप्ता हातात पडल्यावर' असं एक वाक्य करणं, याचा मला पगार मिळतो. त्या वाक्यावर सही फक्त माझी असते. 'तथापि' लिहायची सोय मला नाही.

मग 31 ऑक्टोबर 2025 उजाडला. वकिलांना तपास यंत्रणांनी समन्स काढावं की नाही, या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जाता जाता आमचाही निकाल लावला. अशील आणि वकील यांच्यातल्या बोलण्याला साक्ष अधिनियमाच्या कलम 132 चं जे संरक्षण आहे, ते कंपनीच्या पगारी वकिलाला नाही. कंपनीच्या बाहेरच्या वकिलाशी आम्ही जे बोलू त्याला कलम 134 चा आडोसा आहे, पण कंपनी आणि मी यांच्यातल्या बोलण्याला तोही नाही. इतकी वर्षं मी प्रत्येक मेलवर 'प्रिव्हिलेज्ड अँड कॉन्फिडेन्शियल' असं लाल अक्षरांत घालत आले. माझं बघून कॅन्टीन कमिटीसुद्धा मिसळीच्या तक्रारीवर तेच घालू लागली होती. बातमी वाचून एमडींनी मला बोलावलं. "म्हणजे मी आजवर तुला जे जे सांगितलं ते...?" मी मान हलवली. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी मला काहीही सांगितलं नाही. नोकरीतला इतका निवांत काळ मला आठवत नाही.

कोर्ट मात्र सुटलं नाही. एका डीलरचा चेक परत आला, कलम 138 ची केस झाली, आणि कंपनीतर्फे साक्षीला कोण? बोर्डाने ठराव करून मला अधिकार दिला. ज्या इमारतीत मी कोट घालून युक्तिवाद करणार होते, तिथे मी सलवार-कमीज घालून पिंजऱ्यात उभी. समोरचा वकील कोवळा पोरगा, नवाकोरा बँड. साक्षीची भाषा ठरलेली असते. 'हे म्हणणे खरे नाही की चेक सिक्युरिटीपोटी घेतला होता. हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे.' सगळं छान चाललं होतं. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने विचारलं, "आपण स्वतः वकील आहात, हे खरं आहे का?"

मी म्हटलं, "तसं बघितलं तर—"

"हो की नाही, एवढंच सांगा," न्यायाधीश म्हणाले.

हो म्हणावं तर नियम 49, नाही म्हणावं तर आईचा काळा कोट. आमच्याच वकिलाने हरकत घेतली, प्रश्न गैरलागू म्हणून. स्टेनोने माझ्याकडे दयेने बघितलं आणि टाइप केलं, 'मी नोकरी करते.'

राहता राहिलं अप्रेझल. प्लँटवाले किती नग काढले ते लिहितात, सेल्सवाले किती ऑर्डरी आणल्या ते. मी काय लिहू? माझं काम नीट झालं की काहीच होत नाही, आणि न झालेल्या गोष्टीला एक्सेलमध्ये रकाना नाही. शेवटी यंदा धीर करून लिहिलं: 'संभाव्य वाद टाळले.' एचआरच्या मॅडमना ते फार आवडलं. मोजता येण्यासारखं आहे, म्हणाल्या. लगेच पुढच्या वर्षीचं टार्गेट पडलं: टाळलेल्या वादांमध्ये 20 टक्के वाढ. मी म्हटलं, टाळायला आधी वाद तर उभे राहायला हवेत. मिटिंगमध्ये क्षणभर शांतता पसरली. मग सेल्सचे साहेब उभे राहिले आणि त्यांनी सर्वतोपरी सहकार्याचं आश्वासन दिलं.