कोपऱ्यातला शंकूछेद

दहावीतल्या नातीच्या शाळेनं व्हीआर चष्म्यातली भूमिती बघायला घरच्यांना बोलावलं. मुलगा चाकणला सेकंड शिफ्टला, त्यामुळे मी गेलो. तो चष्मा म्हणजे घाण्याच्या बैलाची झापडंच, फक्त चार्जिंगवर चालणारी.

"आबा, हात पुढे करा. शंकूछेद येईल."

शंकूछेद म्हणजे टोक उडवलेला शंकू; आंघोळीची बादली. आला. निळा, अधांतरी. आणि मला दरदरून घाम फुटला, कारण हे गृहस्थ माझ्या चांगल्या ओळखीचे.

1987 साली मी भोसरीच्या जे ब्लॉकमध्ये एका शेडमध्ये मिलिंगवर होतो. आमच्या फोरमननं ड्रॉइंग वाचायला शिकवलं ते डब्यातल्या कांद्यावर. गडी कांद्याच्या चाकणचा, दुसरं काय आणणार? आडवा कापला, की वरून वर्तुळात वर्तुळं. "हा सेक्शन व्ह्यू. आता डोळे पूस."

कांदा समजला, कागद नाही. आपल्याकडची ड्रॉइंग फर्स्ट अँगलची: डावीकडून दिसणारी बाजू उजवीकडे काढायची, वरून दिसणारी खाली. (सरळ काही करायचं नाही, हे यातही आलं.) अमेरिकेची थर्ड अँगलची, तिथं डावं डावीकडेच. समोरचा कागद कुठल्या जातीचा, ते सांगायला खालच्या कोपऱ्यात एक इवलासा शंकूछेद बसलेला असतो. त्याची लहान तोंडाकडून दिसणारी दोन वर्तुळं उजवीकडे असली तर आपला, डावीकडे असली तर त्यांचा.

मी त्याच्याकडे बघितलंच नाही. कागद त्यांचा, मी आपला समजून साठ ब्रॅकेट काढले. मायक्रोमीटर लावा, मापं चोख. फक्त साठच्या साठ डावखुरे. फोरमननं एक उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि शांतपणे विचारलं, "गाडी आरशात चालवायची आहे का?" माल भंगारात गेला आणि माझा बोनस त्याच्यामागोमाग.

या व्हीआर चष्म्याचंही तसंच. 1968 साली हार्वर्डमध्ये संगणकतज्ज्ञ आयव्हन सदरलंड यांनी असलं यंत्र पहिल्यांदा डोक्यावर चढवलं, तेव्हा डोकं कुठं वळतंय ते मोजायला छतापासून लोंबणारा दांडा त्याला जोडलेला असायचा. डोक्यावर लटकणाऱ्या त्या दांड्याला ‘डॅमोक्लीसची तलवार’ म्हणत. एवढं करून आत दिसायचं काय, तर नुसत्या रेघांचा घन! नवीकोरी दुनिया उघडली आणि पहिल्याच दिवशी तिच्यात भूमितीचा गृहपाठ.

इकडे मी त्या निळ्या बादलीभोवती प्रदक्षिणा घालत होतो. नात म्हणाली, "आबा, घनफळ काढायचंय. काय शोधताय?"

"वर्तुळं कुठल्या बाजूला आहेत, ते."

"मागे बाई उभ्या आहेत! उजवीकडे सरका, उजवीकडे!"

मी चटकन डावीकडे सरकलो.