कुलूपकाका

‘काका, तुमच्यावर लिहू का?’ असं विचारलं तेव्हा कुलूपकाकांनी आधी माझा मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायला लावला, मग पंखा मोठा केला आणि मग अटी सांगितल्या. नाव छापायचं नाही. गल्ली छापायची नाही. फोटो तर नाहीच नाही. गावाच्या जागी ‘बुलढाणा जिल्ह्यातलं एक तालुक्याचं ठिकाण’ असं लिहावं, असाही आग्रह होता. बऱ्याच घासाघिशीनंतर ‘चिखली’वर तोडगा निघाला. ‘एसटीचे निवृत्त कंडक्टर’ एवढं लिहायला त्यांची हरकत नव्हती, कारण चिखली आगारातून निवृत्त झालेले कंडक्टर पुष्कळ आहेत.

आहेत खरे. पण मोबाइलच्या पुढच्या-मागच्या कॅमेऱ्यांवर वायरमनची काळी चिकटपट्टी लावून फिरणारा त्यांच्यात एकच. लाटान्या स्वीनी नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी २००० साली हिशोब मांडला होता, की पिनकोड, जन्मतारीख आणि बाई की पुरुष एवढं कळलं तरी तिथली ८७ टक्के माणसं नेमकी हुडकता येण्याजोगी आहेत. चिखलीत एवढा खटाटोप लागत नाही. ४४३२०१ आणि चिकटपट्टी, एवढ्या पत्त्यावर पत्र घरपोच होईल.

जन्मतारखेच्या बाबतीत मात्र काका पक्के सुरक्षित आहेत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी त्या पिढीतल्या निम्म्या पोरांची १ जून टाकली, तशी यांचीही. खरी तारीख फक्त आईला ठाऊक होती, आणि तीही ‘पोळ्याच्या करीला’ एवढीच. दर १ जूनला सकाळी बँकेचा शुभेच्छांचा मेसेज येतो, तेव्हा काका दिवसभर खुशीत असतात. “गेला चुकीच्या मानसाले,” म्हणतात.

हे कुलुपाचं वेड त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, याबद्दल गल्लीत मतं वेगवेगळी आहेत. काकूंच्या मते रिकामपणामुळे. मला गंमत वाटायची ती वेगळीच. उभ्या हयातीत ज्या माणसानं भरल्या गाडीत पंच टिकटिकवत “बोला, कुठं जाता? मागचे बोला!” असं ओरडून सगळ्यांना मुक्काम विचारला, तोच माणूस गूगलला लोकेशन सांगत नाही. हे मी एकदा तोंडावर बोलून दाखवलं. काका चिडले नाहीत. आत गेले आणि जुन्या तिकिटांचा पिवळा पडलेला गठ्ठा घेऊन आले.

“हे पाय. याच्यावर पाशिंजरचं नाव हाये? बापाचं नाव? मोबाइल नंबर? काहीच नाही. भाडं आन् पंचचं भोक. मेऱ्याच्या फाट्यावर कोन उतरलं, कोनाच्या घरी गेलं, हे वे-बिलात येत नाही. महामंडळाले एवढंच ठाऊक, का मानूस गेला आन् पैसे आले. गाडी चालली का नाही चालली?”

चालली, मी म्हणालो.

“मंग मोबाइलच्या टॉर्चले माह्ये नातेवाईक काहून पाह्यजेत?”

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि तुम्हालाही सुचू नये. टॉर्चसाठी, पंचांगासाठी, पत्त्यांच्या खेळासाठी म्हणून उतरवलेली ॲप्स फोनमधले नंबर, फोटो आणि आपण कुठं आहोत ते मागतात. आपण ‘अलाउ’वर बोट ठेवून मोकळे होतो. अमेरिकेत टॉर्चचंच एक ॲप २०१३ साली त्यांच्या व्यापार आयोगाच्या कचाट्यात सापडलं होतं. कोट्यवधी फोनांत ते होतं, आणि उजेड पाडता पाडता माणूस कुठं उभा आहे ते जाहिरातवाल्यांना कळवत होतं. काकांना हे मी सांगितलं. त्यांनी शांतपणे खुंटीवरची तीन सेलची बॅटरी दाखवली.

तर काकांचा दिवस. सकाळी फिरायला निघतात तेव्हा फोन घरी. (पावलं मोजणारं ॲप टाकून दिलं होतं नातवानं, काकांनी विचारलं, “माही पावलं मोजून त्याले काय चपला शिवायच्या हायेत?”) वाटेत गल्लीतल्या मोटारसायकली बघत जातात. मागच्या पाटीवर ‘रेणुका माता प्रसन्न’, पुढच्या काचेवर दोन्ही लेकरांची नावं, टाकीवर लग्नाची तारीख. चिखलीत ग्रामदेवी रेणुका, त्यामुळे निम्म्या गावाचा पासवर्ड काय असेल ते सांगायला ज्योतिषी नको. काका एकेका गाडीमालकाला थांबवतात. “अरे बाबू, चोराले पासवर्ड शोधायचं कामच ठेवलं नाही तू. पाटीवरून उतरवून घेतला का झालं!” एकदोघांनी त्या दिवशी पासवर्ड बदलला म्हणतात. एकानं पाटी बदलली.

चौकातल्या फ्लेक्सपाशी काका हमखास थबकतात. वाढदिवसाचा फ्लेक्स: मधे उत्सवमूर्ती, खाली शुभेच्छुकांचे वीस-पंचवीस चेहरे, कुठं कुठं मोबाइल नंबरही. “याच्यापुढं फेसबुक काय करन?” एवढं बोलून पुढं जातात. सहकुटुंब तिरुपतीला निघालेल्यांचं ‘निघालो’चं स्टेटस पाहिलं, की त्यांच्या दाराला कुलूप नीट लागलंय का ते बघायलाही काकाच जातात. टोपणनाव पडलं ते त्यावरून.

कर्ज हवंय का, म्हणून फोन येतात ते काकांनाही. इंग्रजांच्या काळापासून मागणी असलेली खामगाव-जालना रेल्वे अजून चिखलीला आलेली नाही. काका म्हणतात, “रेल्वेले चिखली सापडत नाही, पन ह्या कर्जवाल्याइले माहा नंबर बरोब्बर सापडते.” मोठ्या दुकानात बिलाच्या वेळी पोरगी मोबाइल नंबर विचारते तेव्हा तर त्यांचा कंडक्टर जागा होतो. “बिल सामानाचं बनवतं का माह्यं?” मागं लायनीत उभी असलेली माणसं चुळबुळतात. पण ग्राहकाला नंबरासाठी अडवू नका, असं केंद्राच्या ग्राहक खात्यानं २०२३ सालीच दुकानदारांना बजावलंय. पोरीला ते कुणी सांगितलेलं नसतं. काका सांगतात, सविस्तर. लाइन आणखी लांबते.

खरा रंगतो तो झेरॉक्सच्या दुकानातला प्रवेश.

पीकविम्याचे दिवस होते. त्या दिवसांत झेरॉक्सवाल्यांकडे जत्रा असते: सातबारा, आधार, पासबुकाचं पहिलं पान, सगळं दोन-दोन प्रतींत. मशीन एखादी प्रत काळी काढतं, एखादी तिरपी. ती पोरगा बाजूच्या खोक्यात टाकतो आणि दुसरी काढतो. खोकं भरलं की रद्दीत. संध्याकाळी काका स्टँडसमोर भजी खायला थांबले. दोन भजी गेली, तिसरं उचललं, तर खालून आकडे डोकावू लागले. काकांनी भजी हातावर घेतली आणि कागद उलगडला. कुणा शेतकऱ्याच्या पासबुकाचं पहिलं पान. नाव, गाव, खातेनंबर, शाखेचा कोड, आणि कोपऱ्यात पेनानं लिहिलेला मोबाइल नंबर. त्या नंबराच्या शेवटच्या आकड्यावर मिरचीचं देठ.

पुढचं मला त्या रात्रीच्या मुक्कामी एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. काका तसेच उठले, तालुक्यातल्या त्या गावाची मुक्कामी गाडी कोणत्या फलाटावर लागते ते त्यांना पाठ, तिकीट काढलं आणि निघाले. अंधार पडल्यावर त्या माणसाच्या दारात जाऊन खातेनंबरासकट हाक मारली. आतून बाईचा आवाज आला, “ते घरी नाहीत. बँकेवाल्याइनं सोमवारी या.” काकांनी जरा मोठ्यानं खुलासा केला. मग घरी नसलेला माणूस खाटेवरून उठून बाहेर आला, तेलकट कागद उजेडात धरून बघितला आणि म्हणाला, “याच्यापायी आले तुमी? घरात असे दहा पडले हायेत.” परतीची गाडी नव्हती. त्या रात्री काका त्यांच्याकडेच जेवले आणि झोपले. झोपायच्या आधी ते दहा कागद चुलीत घालून आले, असं कळतं.

तेव्हापासून काका झेरॉक्स काढायला गेले की दुकानाचा पोरगा घाम पुसतो. बिघडलेली प्रत ते मागून घेतात. आधारची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून प्रिंट काढायची वेळ आली, तर प्रिंट हातात पडल्यावर म्हणतात, “आता डिलीट कर. केलं? आता रिसायकल बिन रिकामी कर. चॅटमधून बी काढ. डाउनलोडचा फोल्डर दाखव.” एकदा वैतागून पोरगा म्हणाला, “काका, तुमच्या आधारचं मले काय लोणचं घालायचं हाये?” काका म्हणाले, “तुले नाही रे राजा. तुह्या कॉम्प्युटरवर आणखी कोन कोन बसते, ते तुले तरी माहीत हाये का?” पोरानं मागं वळून पाहिलं. खुर्चीवर त्या क्षणी दुकानाशी काही संबंध नसलेला त्याचा मित्र गाणी डाउनलोड करत बसला होता.

अर्थात कुलपाचा त्रास कुलूपवाल्यालाही होतोच. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिनचं दुसरं कुलूप लावायचं काकांनी पेपरात वाचलं आणि लावलं. पिन कुठंही लिहिली नाही, कारण लिहिलेलं सापडतं. ईमेल दिला नाही, कारण ईमेल कशाला द्यायचा. फोन बदलल्यावर पिन आठवेना. अशा वेळी कंपनी सात दिवस थांबायला लावते. त्या आठवड्यात काकांना जगातलं काही कळलं नाही आणि जगाला काकांचं. दोन्ही पक्षांना ते बरं गेलं, असं काकूंचं म्हणणं.

काकू हे स्वतंत्र प्रकरण आहे. काका आत बसून गूगलपासून जे जे दडवतात, ते ते काकू संध्याकाळी ओट्यावर बसून गल्लीला सांगतात. पेन्शन किती, ती कशी पुरत नाही, काकांची बीपीची गोळी सकाळची की रात्रीची, पुण्याच्या पोराचा पगार, सुनेचा हप्ता. हे ऐकून मी एकदा काकांना म्हटलं, मग तुमच्या कुलपांचा उपयोग काय?

काकांनी इतक्या वर्षांत एवढं नेमकं दुसरं काही सांगितलेलं मला आठवत नाही. म्हणाले, “तुह्या काकूनं माही पेन्शन सांगितली, तं समोरचीनं बी नवऱ्याचं कर्ज सांगितलं का नाही? देनंघेनं हाये ते. गावाले माह्यं ठाऊक, मले गावाचं ठाऊक. उद्या कोनी माह्या बीपीवर हासलं, तं त्याची शुगर मी बी काढीन. आता हा मोबाइलवाला पाय. त्याले माह्यं सारं ठाऊक. मले त्याचं काय ठाऊक हाये? त्याची बायको त्याले काय बोलते, हे कधी आलं का तुह्या फोनवर?”

मला वाटतं, खासगीपणावर ज्या जाड जाड चर्चा झडतात त्यांत ही बरोबरीची गोष्ट नेहमी निसटते. ओट्यावरच्या बाईला तोंड असतं, घर असतं, तिच्याशी भांडता येतं. दूरच्या कुठल्या सर्व्हरशी कोण भांडणार?

भांडणारे निघतात, म्हणा. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी निवृत्त झाल्यावर, वयाच्या ८६ व्या वर्षी, २०१२ साली आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. काकांना या निकालातलं कलम २१ वगैरे फारसं भावलं नाही. त्यांना भावलं ते वय. काकूंना ते मुद्दाम ऐकवतात, “पाय, रिटायर मानसानं मनावर घेतलं तं काय होते!” २०२३ साली डेटा संरक्षणाचा कायदा आला, त्यात कंपनीनं तुमची संमती मराठीतही मागायची सोय आहे, हे कळल्यापासून इंग्रजी परवानगीला ते हातच लावत नाहीत. “मराठीत इचार, मंग पाहू.”

काका हास्यास्पद आहेत, यात शंका नाही. पण गेल्या लग्नसराईत गल्लीच्या ग्रुपवर एका अनोळखी नंबरावरून लग्नपत्रिका आली. पत्रिकेच्या नावाखाली ती एपीके फाइल होती, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप शिरवणारी. आपल्याकडे आलेली पत्रिका न उघडणं म्हणजे माणुसकी सोडल्यासारखं. एकानं उघडली, मेसेज वाचायची परवानगीही दिली, आणि ओटीपी परस्पर वाचले जाऊन खात्यातून पैसे जायला लागले. तेव्हा सगळे ज्याच्या दारात धावले तो माणूस लेंगा-बनियनवर बाहेर आला, आधी फोनचं इंटरनेट बंद करायला लावलं, दुसऱ्याच्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लावला, मग बँकेला फोन. काही रक्कम मधेच अडली. सगळं पार पडल्यावर काका एवढंच म्हणाले, “पत्रिकेले हळदकुंकू लागते रे. परवानगी नाही लागत.”

त्या दिवसापासून ग्रुपवर काही संशयास्पद आलं की लोक आधी काकांना दाखवायला नेतात. म्हणजे गल्लीतल्या प्रत्येकाचा फोन आता काकांच्या हातात जातो, पासवर्डसकट. काका बघतात, परत करतात आणि पाहिलेलं कुणाला सांगत नाहीत. मुक्कामी गाडीतून कोण कुठं उतरलं, हेही त्यांच्याकडून अजून कुणी काढू शकलेलं नाही. मी प्रयत्न केला होता.

हा मजकूर त्यांनी छापायच्या आधी वाचला, दोन ठिकाणी काट मारली आणि तुमच्यासाठी एवढं घालायला सांगितलं: आधारची झेरॉक्स द्यायची वेळ आली, तर आधी आठ आकडे झाकलेलं आधार चालतं का ते विचारा. चालत नसेल, तर प्रतीवर आडवं लिहा, कोणाला दिली, कशासाठी, तारीख, आणि खाली सही करा. आणि दुकानातून निघताना बिघडलेली प्रत मागून घ्या.