क्षमता दाखवा, एक गुण

आपल्या शाळांत इंग्रजीचं एकच वाक्य जिवंत आहे. ‘मे आय कम इन, सर?’ दाराशी उभं राहून पोरगं ते एका दमात म्हणतं. आत आलं की सगळं मराठीत.

दुसरं वाक्य लघवीला जायचं. तेही ‘मे आय’नंच सुरू होतं. म्हणजे यायला परवानगी, जायला परवानगी. मधल्या तासात इंग्रजी बोलायची परवानगी मात्र कुणीच मागत नाही.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. आता बारावीच्या पोराच्या गाठीला बारा वर्षांचं इंग्रजी असतं. बारा वर्षांत तप पुरं होतं म्हणतात.

वर कुठला मिळाला?

कॅन, मे, मस्ट, शुड या मंडळींना पुस्तकात मोडल ऑक्झिलरी म्हणतात. बारावीचा प्रश्न ठरलेला: क्षमता दाखवणारं मोडल वापरून वाक्य पुन्हा लिहा. पोरगं ‘कॅन’ ठोकतं, एक गुण खिशात. क्षमता दाखवली नाही तरी चालतं. तोंडी परीक्षेलाही वीस गुण आहेत. ते कसे पडतात हे मंडळाला नका विचारू, बारावीच्या कुठल्याही पोराला विचारा.

शब्दसंग्रहाची तऱ्हा आणखी न्यारी. बालवाडीच्या तक्त्यावर आय फॉर इग्लू, वाय फॉर याक. हंगामात आमच्या कोल्हापूरकडं, कागलच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. तक्त्यात ऊस शोधून दाखवा! पण उद्या बर्फाचं घर बांधायची वेळ आली, तर आपलं पोरगं अडायचं नाही.

आता जरा हायवेनं खाली उतरा. निपाणीपर्यंत मराठी पुरते. पुढं संकेश्वर-हुक्केरीकडं गेलं की आपलाच माणूस ‘बेकू’ म्हणजे हवं आणि ‘बेडा’ म्हणजे नको, एवढ्यावर अख्खा बाजार उरकतो. हा बेकू क्रियापदाला चिकटला की ‘केलंच पाहिजे’ होतं. कन्नडचं मस्टच म्हणा ना. कुणी तक्ता लावला होता? कुणी गाळलेल्या जागा भरायला दिल्या होत्या? गरज होती, समोर दुकानदार होता. चुकलं तर तो हसायचा.

गुण कापायचा नाही.

सक्ती काय असते हे तर कागलला कुणी शिकवायलाच नको. इथल्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत धाडलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड. तरीही पुढं याच गावच्या आनंद यादवांना शिकण्यासाठी बापाशीच झुंजावं लागलं. त्यांचं आत्मकथन ‘झोंबी’ वाचलेल्यांना ते सांगायला नको. आता काळ बदललाय. पोर शाळेत धाडलं म्हणून बाप दंड भरतो.

त्याला फी म्हणतात.

एवढं भरूनही बोलता येत नाही म्हटल्यावर क्लास आलाच. ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ असा फलक कुठल्या स्टँडबाहेर नाही? बारा वर्षांत झालं नाही ते तीस दिवसांत होणार, तर मग पहिलीत कशाला घालायचं? आत सर मोडलचे उपयोग मराठीतून सांगतात, पोरं वहीत उतरवून घेतात. फाडफाड बोलतात ते सरच.

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामाला लागणाऱ्या पोराला लागतं तरी काय? ‘मी हे मशीन चालवू शकतो.’ ‘इथं हात घालू नका.’ ‘मला उद्या रजा मिळेल का?’ चार-पाच मोडल आणि कामापुरते शब्द. यातलं ‘हात घालू नका’ वेळेवर आलं नाही तर एक गुण जात नाही, बोट जातं. कुणी रोज समोर उभं राहून बोललं, तर नववीच्या पोरालाही हे एका सत्रात जमेल.

पण त्यासाठी आधी सरांना इंग्रजीत बोलावं लागेल. आणि सर सध्या मोबाईलवर शाळेची माहिती भरताहेत.